हैदराबाद मेट्रोचा डबा : रचना, वापर आणि गर्दीचे गणित

हैदराबादची मेट्रो भुयारी नाही. मियापूर ते एल. बी. नगर हा तांबडा मार्ग, नागोल ते रायदुर्ग हा निळा मार्ग आणि जेबीएस ते एमजीबीएस हा हिरवा मार्ग असे मिळून सुमारे ६९ किलोमीटरचे हे जाळे संपूर्णपणे खांबांवर उभे आहे. गाडी रस्त्याच्या मधोमध, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून धावते. मुंबईची ॲक्वा लाइन किंवा पुण्यातील सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा टप्पा जसा जमिनीखालून जातो, तसे येथे काही नाही. मेट्रोबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते बहुधा तिकिटाचे, स्थानकांचे आणि पार्किंगचे. ज्यात आपण तासभर उभे राहतो त्या डब्याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. मंडळाच्या कार्यक्रमांना येणारे निम्म्याहून अधिक सभासद आता मेट्रोने येतात असे दिसते. त्यांच्यासाठी, आणि गावाकडून येणाऱ्या त्यांच्या आई-वडिलांसाठी, ही माहिती एकत्र केली आहे.

गाडी कोठून आली

या मेट्रोच्या सर्व गाड्या दक्षिण कोरियातील ह्युंदाई रोटेम कंपनीने बांधल्या आहेत. २०१२ मध्ये ५७ गाड्यांची मागणी नोंदवण्यात आली. प्रत्येक गाडी तीन डब्यांची, म्हणजे एकूण १७१ डबे. पहिली गाडी २०१४ मध्ये शहरात आली आणि त्याच वर्षी नागोलच्या बाजूला चाचण्या सुरू झाल्या. प्रवाशांना मात्र तिच्यात बसायला २०१७ उजाडले. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मियापूरला उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून नागोल–अमीरपेट–मियापूर या ३० किलोमीटरवर गाड्या सुरू झाल्या. अमीरपेट ते एल. बी. नगर सप्टेंबर २०१८ मध्ये, अमीरपेट ते हायटेक सिटी मार्च २०१९ मध्ये, तेथून रायदुर्ग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आणि जेबीएस ते एमजीबीएस फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाले.

गाडीच्या दोन्ही टोकांचे डबे मोटर असलेले आहेत आणि त्यांत चालकाची केबिन आहे. मधला डबा बिनमोटरचा. त्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन काढा, फिरवा, पुन्हा जोडा ही भानगड उरत नाही. चालक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जातो आणि गाडी उलट दिशेने निघते. एक डबा साधारण २१ मीटर लांब आणि २.९ मीटर रुंद आहे. रुळांमधील अंतर १४३५ मिलिमीटर, म्हणजे ज्याला स्टँडर्ड गेज म्हणतात ते.

येथे जुन्या सभासदांना मनमाडची गाडी आठवेल. काचीगुड्याहून परभणी, औरंगाबादमार्गे मनमाडला जाणारी ती लाइन मीटर गेज होती, रुळांत बरोबर १००० मिलिमीटर अंतर. आजची रेल्वे आणि २००३ पासून धावणारी एमएमटीएस ब्रॉड गेजवर, म्हणजे १६७६ मिलिमीटरवर. मेट्रोचा रूळ या दोहोंच्या मधला. म्हणूनच सिकंदराबादला मेट्रो आणि रेल्वे शेजारी शेजारी असल्या तरी एकीची गाडी दुसरीच्या रुळांवर कधीच जाऊ शकणार नाही. एमएमटीएस ही रेल्वेची लोकल, मेट्रो हा वेगळाच संसार. पाहुण्यांना दोन्हींमधला फरक सांगायचा तर एवढे पुरे.

डब्याचा आकार नेहमी वाटेवरून ठरतो. लंडनमध्ये १८६३ साली जगातील पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली ती रस्ता खणून, वरून झाकून केलेल्या बोगद्यातून. पुढे खोलवर गोल बोगदे खणले गेले तेव्हा डबेही त्या गोलात मावतील असे बुटके आणि वरून वाकलेले करावे लागले. उंच माणसाला दाराशी उभे राहताना आजही मान तिरकी करावी लागते. हैदराबादला बोगद्याची अडचण नाही, पण रस्त्याची आहे. मार्ग जुन्या रस्त्यांवरून नेल्यामुळे वळणे बरीच. सुलतान बाजारसारख्या ठिकाणी तर दोन्ही बाजूंच्या इमारती अगदी हाताशी आल्यासारख्या वाटतात. तेथील व्यापाऱ्यांचा या मार्गाला मोठा विरोध होता आणि तो विनाकारण नव्हता. वळणावर गाडी हळू होते, चाके कुरकुरतात आणि उभ्या माणसाचा तोल जातो. आधाराचे खांब आणि दांडे केवळ गर्दीसाठी आहेत असे समजू नये. डबा मोकळा असला तरी ज्येष्ठांनी वळणावर दांडा सोडू नये.

आत काय आहे, आणि का तसे आहे

प्रत्येक डब्याला दोन्ही बाजूंना चार-चार दरवाजे आहेत. म्हणजे गाडी फलाटाला लागली की एकाच वेळी बारा दरवाजे उघडतात. बसायचे बाक भिंतीला लागून, समोरासमोर तोंड करून, मधला सगळा भाग मोकळा. रेल्वेच्या डब्याची सवय असलेल्या माणसाला हे पहिल्यांदा उपरे वाटते. खिडकीशेजारी बसून डबा उघडावा, समोरच्याला भाकरी-चटणी विचारावी, अशी ही जागाच नाही. (गाडीत खाण्याला मनाई आहे, हेही लक्षात असू द्यावे.)

ही रचना कंजूषपणातून आलेली नाही. मेट्रोचे डबे बसणाऱ्यांसाठी आखलेले नसतात, उभे राहणाऱ्यांसाठी आखलेले असतात. आपल्या देशात मेट्रोची आखणी करताना गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये सहा माणसे उभी राहतील असा हिशेब धरतात, अति गर्दीसाठी आठ. बसलेला माणूस गुडघे आणि पाय धरून उभ्या माणसाच्या दुप्पट-तिप्पट जागा घेतो. आडवी आसने टाकली की मधली वाट अरुंद होते, चढउतार मंदावते आणि गाडी स्थानकात जास्त वेळ थांबते. प्रत्येक स्थानकावर दहा सेकंद वाढले तरी तांबड्या मार्गाच्या २७ स्थानकांवर मिळून साडेचार मिनिटे जातात, आणि मागची प्रत्येक गाडी तेवढीच खोळंबते. म्हणून दरवाजे जास्त, आसने कमी. तीन डब्यांच्या गाडीत सुमारे १००० माणसे मावतात असे सांगतात ते या हिशेबाने. त्यातले बसलेले थोडेच.

हा हिशेब मुळात आखूड प्रवासासाठी आहे. चार-पाच स्थानके उभे राहिले तर काय बिघडते, असा त्यामागचा विचार. आपल्या शहराचे तसे नाही. जुनी मराठी वस्ती सुलतान बाजार, काचीगुडा, नारायणगुडा, बरकतपुरा या भागात होती. १९०७ मध्ये सुरू झालेली विवेकवर्धिनी तिथलीच, आणि केशवराव कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल ही शाळा नारायणगुड्याची. आता कुटुंबे कुकटपल्ली, मियापूर, कोंडापूर, उप्पल अशी पांगली आहेत. मियापूरहून जुन्या शहराच्या बाजूला कार्यक्रमाला यायचे म्हणजे पाऊण तासाचा प्रवास, त्यात अमीरपेट किंवा एमजीबीएसला बदल. सत्तरीच्या माणसाने एवढा वेळ उभे राहणे ही साधी गोष्ट नव्हे. राखीव आसने आहेत, त्यांवर खुणाही आहेत. पण त्यांवर डोळे मिटून बसलेला तरुण उठेलच याची खात्री कोण देणार? मागायला संकोच करू नये, एवढेच म्हणता येते. तेलुगू येत नसेल तर हिंदीत, दक्खिनीत सांगावे. बहुतेक लोक उठतात.

स्त्रियांसाठी गाडीच्या एका टोकाच्या डब्यातील भाग राखलेला आहे. फलाटावर तशी पाटी आणि जमिनीवर खूण असते. दिल्लीत २०१० पासून पहिला पूर्ण डबाच स्त्रियांचा आहे. तेथे गाड्या सहा-आठ डब्यांच्या असल्याने ते जमते. तीन डब्यांतील एक पूर्ण डबा राखला तर उरलेल्या दोनांत काय होईल याची कल्पना कोणालाही करता येईल. डब्यांमधून आरपार जाता येत असल्याने राखीव भागाची सीमा गर्दीत पुसट होते, ही तक्रार मात्र खरी आहे.

व्हीलचेअरसाठी डब्यात मोकळी जागा आहे आणि फलाट व डब्याची जमीन जवळजवळ एका पातळीत असल्याने चढताना उचलावे लागत नाही. स्थानकांवर लिफ्ट आहेत. चालताना त्रास होणाऱ्यांना घेऊन येणार असाल तर शक्यतो दुपारी १२ ते ४ या वेळेत या. सकाळी नऊ-दहा आणि संध्याकाळी सहा-सात या वेळा टाळाव्यात, विशेषतः अमीरपेट ते रायदुर्ग या टप्प्यात.

डब्यातील सूचना तेलुगू, इंग्रजी आणि हिंदीत होतात. दरवाजा कोणत्या बाजूला उघडणार तेही सांगितले जाते. दरवाजाजवळ चालकाशी बोलण्याचे बटण असते. कोणाला भोवळ आली, मूल खाली राहिले, भांडण झाले तर ते दाबून बोलावे, चालकाला आपला आवाज ऐकू जातो. ही रेल्वेची साखळी नव्हे. ते दाबले म्हणून गाडी दोन स्थानकांच्या मध्ये उभी राहत नाही, आणि राहू नये हेच बरे, कारण तीस-चाळीस फूट उंचीवर मदत पोचवण्यापेक्षा पुढचे स्थानक गाठणे सोपे असते.

दरवाजा आणि पदर

दरवाजे आपोआप बंद होतात, मध्ये काही आले तर पुन्हा उघडतात. हात, पिशवी, छत्री यांसारखी जाड वस्तू अडली की यंत्रणेला कळते. पातळ कापड मात्र तिला कळेलच असे नाही. साडीचा पदर, ओढणी, लहान मुलाच्या दप्तराचा पट्टा दोन रबरी कडांमध्ये अडकूनही दरवाजा पूर्ण बंद झाला असे यंत्र समजू शकते. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या इंद्रलोक स्थानकावर एका स्त्रीचे कपडे असेच दरवाज्यात अडकले, ती गाडीबरोबर ओढली गेली आणि नंतर तिचा मृत्यू झाला.

हैदराबादच्या फलाटांवर काचेच्या सरकत्या भिंती नाहीत, पिवळी पट्टी आहे. म्हणून सणासुदीला, हळदीकुंकवाला, लग्नाला निघालेल्या बायकांनी पदर खोचून घ्यावा आणि घंटी वाजू लागल्यावर आत उडी मारू नये. मुलाला आधी ढकलून आपण मागून चढण्याची रेल्वेतली सवयही येथे धोक्याची. मुलाचा हात धरून बरोबरच चढावे. गाडी गेली तर पाच-सात मिनिटांत दुसरी येते.

गाडी चालवते कोण

केबिनमध्ये माणूस असतो, आणि या मेट्रोत अनेक तरुणी हे काम करतात. पण वेग वाढवणे, कमी करणे, फलाटावर नेमक्या खुणेवर थांबणे हे बरेचसे यंत्रणेकडे आहे. थेल्स कंपनीची ही सीबीटीसी पद्धत भारतात प्रथम हैदराबादेत आली. जुन्या पद्धतीत रुळांचे तुकडे पाडलेले असतात. एका तुकड्यात गाडी असेल तर दुसरीला मागच्या तुकड्यात थांबावे लागते. येथे गाडी आणि नियंत्रण कक्ष रेडिओने सतत बोलत राहतात. पुढची गाडी नेमकी कोठे आहे आणि किती वेगाने चालली आहे हे मागच्या गाडीला ठाऊक असते, त्यामुळे ती सुरक्षित अंतर राखून जवळ येऊ शकते. यंत्रणेची आखणी ९० सेकंदांना एक गाडी सोडता येईल अशी आहे. कमाल वेग ताशी ८० किलोमीटर, स्थानकांवरचे थांबे धरून सरासरी त्याच्या निम्म्याहून कमी.

वीज वरच्या तारेतून येते, २५००० व्होल्टची. ब्रेक लावताना मोटरच जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते. दर किलोमीटरला थांबणाऱ्या गाडीसाठी ही बचत लहान नाही. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्या पोरांना मात्र या तारांची जाणीव द्यायलाच हवी. धातूचा अंश असलेला मांजा तारेवर पडला तर जीव जाऊ शकतो.

या यंत्रणेची उपयुक्तता एका वेगळ्याच कामी दिसली. २ फेब्रुवारी २०२१ रोजी प्रत्यारोपणासाठी दिलेले हृदय नागोल स्थानकातून ज्युबिली हिल्स चेकपोस्टपर्यंत खास गाडीने नेण्यात आले. सुमारे २१ किलोमीटर, वाटेत कोठेही न थांबता, अर्ध्या तासाच्या आत. १७ जानेवारी २०२५ रोजी पुन्हा तसेच एल. बी. नगरहून लकडी का पूलपर्यंत, १३ किलोमीटर १३ मिनिटांत. संध्याकाळी त्या रस्त्याने गेलेल्या कोणालाही या १३ मिनिटांचे मोल कळेल. हे करताना पुढच्या गाड्या अंतरावर ठेवाव्या लागतात, म्हणजे नियंत्रण कक्षाला सगळी गाड्यांची माळच हलवावी लागते.

फलाट लांब, गाडी आखूड

फलाटावर उभे राहिल्यावर एक गोष्ट कोणाच्याही लक्षात येते. गाडी येऊन थांबते आणि फलाटाचा बराच भाग रिकामाच राहतो. टोकाला उभे असलेले लोक धावत सुटतात. कारण साधे आहे. स्थानके सहा डब्यांच्या गाडीसाठी बांधली आहेत, गाड्या तीन डब्यांच्या आहेत. सुरुवातीला हे शहाणपणाचेच होते. प्रवासी किती येतील ते ठाऊक नसताना डबे विकत घेऊन उभे करण्यात अर्थ नसतो. फलाट मात्र नंतर वाढवणे फार अवघड, म्हणून ते आधीच लांब केले. दिल्लीनेही चार डब्यांपासून सुरुवात केली आणि मग सहा, आठ असे वाढवत नेले. नागपूर आणि पुणे येथेही सध्या तीन डब्यांच्या गाड्या आहेत. नागपूरच्या चीनमध्ये बांधलेल्या, पुण्याच्या टिटागढ कंपनीच्या, ॲल्युमिनियमच्या. मुंबईच्या वर्सोवा–घाटकोपर मार्गावर चार, ॲक्वा लाइनवर आठ.

फरक असा की हैदराबादेत रोजचे प्रवासी साडेचार-पाच लाखांच्या घरात जाऊनही डब्यांची संख्या १७१ वरच राहिली. गर्दीबद्दल कोणी बोलले की उत्तर मिळते, फेऱ्या वाढवू. तर थोडे गणित करून पाहू. तांबड्या मार्गावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परत यायला वळण्याचा वेळ धरून ढोबळमानाने ११५ मिनिटे लागतात असे समजा. दर पाच मिनिटांना गाडी हवी तर २३ गाड्या रुळावर पाहिजेत. निळा मार्ग जवळपास तेवढाच लांब, तेथेही २३. हिरव्या मार्गावर सहा. झाल्या ५२. उरल्या पाच, त्या मियापूर आणि उप्पलच्या डेपोत दुरुस्ती-देखभालीसाठी. दर तीन मिनिटांना गाडी हवी म्हटले तर दोन मोठ्या मार्गांनाच ७६ गाड्या लागतील. त्या आहेतच कोठे? फार तर गर्दीच्या टप्प्यात गाडी मध्येच वळवून तेवढ्या भागात फेऱ्या वाढवता येतात, पण मग टोकाच्या लोकांना थांबावे लागते. यंत्रणा ९० सेकंदांची असून उपयोग नाही. रूळ आहेत, फलाट आहेत, सिग्नल आहेत. कमतरता डब्यांची आहे.

दुसरा उपाय म्हणजे आहे त्या गाड्यांना तीन डबे जोडणे. ऐकायला सोपे वाटते. पण नवा डबा जुन्याशी जुळायला त्याची जोडणी, ब्रेक, दरवाजे, गाडीतील संगणक आणि सीबीटीसी सगळेच जुळावे लागते. दुसऱ्या शहराची गाडी रुळाच्या मापाने आणि विजेच्या दाबाने चालण्यासारखी असली तरी येथील सिग्नल यंत्रणेशी ती बोलू शकली नाही तर डेपोतच बसेल. डबे मागवल्यावर तयार होऊन, चाचण्या पार पडून रुळावर यायलाही मोठा काळ जातो. येथे पहिल्या गाडीच्या मागणीपासून ती येईपर्यंत दोन वर्षे गेली होती.

आणि पैसे कोणी घालायचे? ही मेट्रो सरकारी पैशाने नव्हे, तर मुख्यतः एल अँड टी कंपनीच्या गुंतवणुकीने, २०१० च्या करारानुसार उभी राहिली. तोट्यात चालणाऱ्या कंपनीने नवे डबे घेण्यास उत्साह न दाखवणे समजण्यासारखे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने हा पहिला टप्पा आपल्याकडे घेण्याचे तत्त्वतः मान्य केले. तेव्हा डब्यांचा प्रश्न आता सरकारच्या दारात आहे. प्रवासी म्हणून आपण मागणी करायची असेल तर ती ‘फेऱ्या वाढवा’ अशी मोघम न करता ‘डबे वाढवा’ अशी करावी, असे आमचे मत आहे.

सामान घेऊन येणाऱ्यांसाठी

नांदेड, परभणी, औरंगाबादकडून रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांना मेट्रोने घरी आणायचे असेल तर सिकंदराबादला दोन वेगळी मेट्रो स्थानके आहेत हे आधी सांगून ठेवा. सिकंदराबाद ईस्ट निळ्या मार्गावर आहे आणि रेल्वे स्थानकाला लागून आहे. अमीरपेट, हायटेक सिटी किंवा उप्पल, नागोलकडे जायचे तर ते. सिकंदराबाद वेस्ट हिरव्या मार्गावर, नारायणगुडा आणि सुलतान बाजारसाठी. नामपल्लीला उतरणाऱ्यांना तांबड्या मार्गाचे नामपल्ली स्थानक जवळ पडते. काचीगुडा स्टेशनला मेट्रो नाही, तेथून ऑटो करून सुलतान बाजार गाठावे किंवा एमएमटीएस धरावी.

डब्यात सामान ठेवायला वर फळी नाही आणि बाकाखाली जागा नाही. बॅग पायांत धरूनच उभे राहावे लागते. आंब्याची पेटी, गव्हाचे पोते, दिवाळीच्या फराळाचे डबे हे सगळे स्थानकावरच्या तपासणी यंत्रातून जावे लागते, आणि मोठे सामान कर्मचारी अडवू शकतात. एका माणसामागे एक बॅग असेल तर मेट्रो, त्याहून जास्त असेल तर ऑटो किंवा टॅक्सी. अमीरपेटला बदल करायचा असेल तर निळा मार्ग तांबड्याच्या वरच्या मजल्यावर आहे. सरकत्या जिन्यावर आजी-आजोबांच्या हातात बॅग देऊ नये, लिफ्टने न्यावे. एमजीबीएस आणि परेड ग्राउंडलाही तसाच मजला बदलावा लागतो.

एमजीबीएसच्या पुढे जुन्या शहरात मेट्रो अजून नाही. फलकनुम्यापर्यंतचा साडेपाच किलोमीटरचा तुकडा पहिल्या टप्प्यातच होता, पण झाला नाही. आता तो चांद्रायणगुट्ट्यापर्यंत वाढवून घेतला असून ८ मार्च २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्या बाजूच्या सभासदांना सध्या एमजीबीएसला उतरून बस किंवा ऑटो घ्यावी लागते.